लहान ट्रॅक्टर आणि मळ्याचा रोजचा कारभार

भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पुरे झाले आणि ओझरच्या बंधाऱ्यापासून निघणाऱ्या प्रवरेच्या दोन्ही कालव्यांना भरवशाचे पाणी मिळू लागले, तेव्हापासून देवळाली प्रवरा आणि तिच्या सभोवारचा राहुरी-श्रीरामपूरचा टापू हा उसाचा मुलूख म्हणून गणला जाऊ लागला. हरेगावची बेलापूर कंपनी, टिळकनगरचा कारखाना, १९५० साली प्रवरानगरला उभा राहिलेला सहकारी साखर कारखाना आणि देवळालीला लागूनच असलेली राहुरी फॅक्टरी, ही सारी त्या पाण्याचीच फळे होत. परंतु ज्या घराण्यांच्या दप्तरी आजोबांच्या हयातीत पंचवीस-तीस एकर होते, त्यांच्या नातवांच्या सातबाऱ्यावर आज, वाटण्या आणि फेरफार होता होता, तीन-चार एकरांचे तुकडे उरले आहेत. गोठ्यातली बैलजोडी बहुतेकांनी मोडली आहे, आणि तिच्या जागी पंधरा-वीस अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर येऊन उभा राहिला आहे. महिंद्राचा युवराज किंवा स्वराजचा ७१७ हे पंधरा अश्वशक्तीचे, व्हीएसटी शक्तीचा साडेअठरांचा, आणि त्यांच्या मागोमाग आलेले चारही चाकांनी ओढणारे. यांतला कोणता घ्यावा हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. घेतलेला कसा सांभाळावा, एवढ्यापुरताच येथील विचार मर्यादित आहे.

मोठ्या आणि लहान ट्रॅक्टरच्या आयुष्यक्रमात एक मूलभूत भेद आहे, आणि तो ध्यानात न घेतल्यामुळे पुष्कळ घरी लहान यंत्राची अकाली हानी होते. भाड्याने फिरणारा मोठा ट्रॅक्टर सकाळी नांगराला जुंपला की सायंकाळपर्यंत एकाच चालीने चालतो, त्याचे इंजिन एकदा तापले की दिवसभर योग्य तापमानावर राहते, आणि तासमापकावर जेवढे तास पडतात तेवढीच त्याची झीज असते असे स्थूलमानाने म्हणता येते. लहान ट्रॅक्टर मात्र घरचा गडी असल्यासारखा राबवला जातो: पहाटे कुट्टीसाठी वीस मिनिटे, मग दुधाच्या किटल्या आणि चाऱ्याचे भारे आणण्यासाठी एक फेरी, दुपारी पेरूच्या बागेत फवारणी, संध्याकाळी शेणाची ट्रॉली. दिवसाकाठी तासमापक जेमतेम दोन तास पुढे सरकतो. परंतु तेवढ्यात इंजिन सात-आठ वेळा थंड अवस्थेत चालू झालेले असते, बॅटरीने तितक्याच वेळा जोर लावलेला असतो, आणि धूळ, शेण, पाणी व औषध ही चारही एकाच दिवसात त्याच्या अंगावर उडालेली असतात. म्हणूनच माझे सांगणे असे की, लहान ट्रॅक्टरची निगा केवळ तासांवर ठरवू नये, त्याच्याकडून आज कोणते काम घेतले यावर ठरवावी. कंपनीच्या पुस्तिकेत ऑईल बदलण्याची जी तासांची मर्यादा दिलेली असते, ती वर्षभरात भरली नाही म्हणून तेच ऑईल दुसऱ्या वर्षी चालवणे हा मोठा गैरसमज आहे, कारण थोडे चालून वारंवार थांबणाऱ्या इंजिनात पाण्याची वाफ आणि जळलेल्या डिझेलचा अंश ऑईलमध्ये मिसळत राहतो आणि तो उडून जाण्याइतके ते कधी तापतच नाही. तास भरोत वा न भरोत, वर्षातून एकदा ऑईल आणि त्याचा फिल्टर बदललाच पाहिजे; आणि नव्या ट्रॅक्टरची पहिली सर्व्हिस, जी बहुधा पन्नास तासांच्या सुमारास असते, ती तर एक दिवसही लांबणीवर टाकू नये, कारण नवे भाग एकमेकांवर घासून बसताना निघालेला लोखंडाचा बारीक कीस त्या पहिल्या ऑईलातच असतो.

कोणतेही काम असो, सकाळी किल्ली फिरवण्यापूर्वी यंत्राची हजेरी घ्यावी. ट्रॅक्टर सपाट जागी उभा असावा. ऑईल मोजण्याची पट्टी काढून, पुसून, पुन्हा घालून मग पाहावी, आणि पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. ती वरच्या खुणेच्याही वर गेली असेल तर कोणी तरी जादा ओतले, किंवा त्याहून वाईट म्हणजे डिझेल अथवा पाणी आत उतरत आहे, असे समजावे. पट्टीवरचे ऑईल दुधाळ दिसले तर पाण्याचा संशय पक्का करून त्या दिवशी इंजिन चालूच करू नये. नंतर रेडिएटर थंड असतानाच त्याचे झाकण उघडून पाणी पाहावे. ट्रॅक्टर रात्रभर जिथे उभा होता त्या जमिनीवर डाग पडले आहेत काय, टायरच्या हवेत फरक दिसतो काय, चाकांचे नट कुठे सैल पडले आहेत काय, हे भोवताली एक प्रदक्षिणा घातली की कळते. डिझेल फिल्टरखालच्या काचेच्या वाटीत पाणी किंवा गाळ दिसला तर तो त्याच वेळी, म्हणजे यंत्र हलण्यापूर्वी, सोडून द्यावा. रात्रभराच्या स्थैर्याने तो तळाशी बसलेला असतो. टाकी रोज संध्याकाळी भरून ठेवण्याची चाल जुन्या चालकांत होती, तिच्यामागचे कारण हेच, की अर्ध्या रिकाम्या टाकीत थंडीच्या रात्री दव धरते आणि ते पाणी शेवटी पंपापर्यंत पोहोचते. या सर्व पाहणीला दहा मिनिटेही लागत नाहीत. पण ती घरातल्या एकाच माणसाच्या जबाबदारीची असावी, कारण जो ट्रॅक्टर बाप, दोन मुले आणि एक सालगडी असे चौघे मिळून चालवतात, त्याचे ऑईल चौघांपैकी कोणीच पाहिलेले नसते.

रेडिएटरातील पाण्याविषयी या भागाच्या संदर्भात थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. कालव्याच्या पाण्याने एका बाजूस समृद्धी आणली, तर दुसऱ्या बाजूस निचऱ्याअभावी क्षार वर आणले, आणि प्रवरेच्या लाभक्षेत्रातील कित्येक विहिरी-बोअरांचे पाणी मचूळ झाले, हे येथील कोणाही शेतकऱ्यास सांगावयास नको. घरी चहाच्या भांड्यावर जो पांढरा थर चढतो, तोच थर हे पाणी रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पोटातील पाण्याच्या वाटांत चढवते, आणि पहिल्या उन्हाळ्यात निर्वेध चाललेला ट्रॅक्टर तिसऱ्या उन्हाळ्यात विनाकारण तापू लागतो. तेव्हा रेडिएटरात कंपनीने सांगितलेल्या प्रमाणात कूलंट आणि शुद्ध पाणी यांचेच मिश्रण असावे. बॅटरीत तर डिस्टिल वॉटरखेरीज दुसरे काहीही जाऊ नये. शेताच्या कडेला इंजिन तापून काटा लाल खुणेकडे गेला, तर तत्काळ बंद करून झाकण उघडण्याची घाई करू नये: आधी भार काढावा, दोन-तीन मिनिटे इंजिन मंद गतीने चालू देऊन मग बंद करावे, आणि झाकणाला हात लावण्यास अर्धा तास तरी थांबावे. उकळत्या पाण्याच्या फवाऱ्याने तोंड भाजलेल्या चालकांच्या कहाण्या प्रत्येक गावात आहेत.

आता एकेका कामाकडे वळू. रोटाव्हेटर हे लहान ट्रॅक्टरचे सर्वांत आवडते आणि सर्वांत जाचक काम होय. एप्रिल-मे महिन्यात कोरड्या काळ्या रानात तो चालवताना जी धूळ उठते, तिच्यातून चालकाला पुढचे दिसत नाही. त्याच हवेतून इंजिन श्वास घेत असते. लहान इंजिनाच्या आयुष्याचा सर्वांत मोठा शत्रू कोणता असे कोणी विचारील, तर मी निःसंशय धुळीचे नाव घेईन. तिचा बंदोबस्त करणारा एकमेव भाग म्हणजे एअर क्लीनर, आणि नेमकी त्याचीच सर्वांत अधिक हयगय होते. तो ऑईलच्या वाटीचा असेल, तर धुळीच्या हंगामात रोज वाटी उतरवून तळाशी बसलेला चिखल पाहावा, तो बोटाच्या एका पेरापर्यंत येण्याची वाट न पाहता वाटी डिझेलने धुऊन पुसावी, आणि ताजे ऑईल खुणेपर्यंतच भरावे. खुणेहून अधिक भरले तर ते इंजिनात ओढले जाते, आणि डिझेलचा पुरवठा बंद केला तरी इंजिन त्या ऑईलावरच बेफाम पळू लागण्याचा धोका असतो. कोरड्या कागदी प्रकारचा असेल, तर त्याला धुऊ नये, दगडावर आपटू नये. हलक्या दाबाची हवा आतून बाहेर मारावी, आणि कागद उजेडापुढे धरून एखादे छिद्र तर पडले नाही ना ते पाहावे. एअर क्लीनर आणि इंजिन यांना जोडणाऱ्या रबरी नळीचा क्लिप सैल असेल, तर वरचा सारा खटाटोप व्यर्थ जातो, कारण धूळ त्या फटीतून गाळल्यावाचून आत जाते. हा क्लिप तपासण्यास एक स्क्रूड्रायव्हर आणि अर्धा मिनिट पुरतो. तो न तपासल्याची किंमत रिंग-पिस्टनच्या कामात मोजावी लागते. सायलेन्सरमधून काळा धूर येऊ लागला तर हवा कोंडली आहे किंवा भार झेपत नाही असे समजावे. निळसर धूर म्हणजे ऑईल जळत आहे. आणि इंजिन तापल्यानंतरही पांढरा धूर थांबत नसेल तर तज्ज्ञाला दाखवावे.

रोटाव्हेटरच्या स्वतःच्या शरीराकडेही लक्ष हवे. पात्यांचे बोल्ट रोज आवळावेत. एक पाते तुटले की त्याच्या समोरचेही बदलावे, नाहीतर सारा दांडा असमतोल होऊन थरथरतो आणि ती थरथर पुढे पीटीओच्या, म्हणजे अवजाराला शक्ती देणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागील फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगपर्यंत जाते. बाजूच्या डब्यातील ऑईल आणि पीटीओ शाफ्टच्या दोन्ही सांध्यांतील ग्रीस ही हंगामात विसरण्यासारखी गोष्ट नव्हे. अवजार वर उचलताना पीटीओ बंद करावा, कारण फार मोठ्या कोनात फिरणारा सांधा लवकर तुटतो.

पीटीओविषयी जे सांगावयाचे ते अधिक गंभीर आहे. त्याची प्रमाणित गती मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला नऊ. साडेसात सेंटिमीटर जाडीचा शाफ्ट धरला, तर त्याच्या भोवती एका सेकंदात दोन मीटरहून अधिक कापड गुंडाळले जाते. खांद्यावरचे उपरणे, साडीचा पदर, ओढणी किंवा धोतराचा सोगा यांच्या लांबीशी हा आकडा ताडून पाहिला म्हणजे, अपघात घडतो तेव्हा माणसाला ओरडण्यासही अवसर का मिळत नाही हे समजते. शाफ्टवरचे प्लॅस्टिकचे संरक्षक आवरण ग्रीस लावण्यास अडचण होते म्हणून काढून फेकण्याची जी प्रथा पडली आहे, ती निव्वळ आत्मघातकी आहे. आवरण मोडले असेल तर नवे बसवावे, आणि ते येईपर्यंत ते अवजार चालवू नये. फिरत्या शाफ्टवरून पाय टाकून पलीकडे जाणे, पीटीओ चालू ठेवून रोटाव्हेटरमध्ये अडकलेले गवत काढणे, या गोष्टींना मळ्यावर मुळी परवानगीच नसावी.

या विषयाचा सर्वांत नाजूक भाग कुट्टी मशीनचा आहे, कारण तेथे ट्रॅक्टर उभा असतो, काम घराच्या अंगणात चालते, आणि ते बहुधा घरातील स्त्रिया करतात. पदर खोचलेला असावा, बांगड्या कोपराकडे सरकवलेल्या असाव्यात, वैरण हाताने तोंडापर्यंत न रेटता मागच्या पेंढीने पुढची पेंढी ढकलावी, लहान मुले त्या आवारात नसावीत, आणि ट्रॅक्टरजवळ इंजिन बंद करणे जाणणारे एक माणूस उभे असावे. यंत्राच्या दृष्टीने येथील अडचण वेगळी: उभ्या ट्रॅक्टरला चालताना मिळणारा वारा मिळत नाही, आणि मका-कडब्याचा भुसा उडून रेडिएटरच्या जाळीवर चिकटतो. म्हणून ट्रॅक्टरचे तोंड नेहमी वाऱ्याकडे करावे, म्हणजे भुसा मागे जाईल; आणि काम संपल्यावर जाळी साफ करावी, ती पंख्याच्या बाजूने बाहेरच्या दिशेने, हलक्या पाण्याने किंवा हवेने. पुढून जोराचे पाणी मारले तर भुसा आणखी आत रुतून बसतो आणि नाजूक पत्रे वाकतात. सणासुदीच्या संदर्भात येथेच एक गोष्ट नमूद करावीशी वाटते: खंडेनवमीला यंत्राची पूजा करून झेंडूची जाड माळ नेमकी त्या जाळीवर चढवली जाते, आणि ती वाळून कोळ झाली तरी काढण्याचे कोणी मनावर घेत नाही. पूजा अवश्य करावी. माळ मात्र दुसऱ्या दिवशी उतरवावी, आणि त्याच दिवशी वर्षाचे ऑईल बदलण्याचा प्रघात पाडला तर तारीखही लक्षात राहते.

उसाच्या बांधणीसाठी लहान ट्रॅक्टरचा उपयोग अलीकडे पुष्कळ वाढला आहे, आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने, जे १९६८ साली स्थापन झाले, रुंद सरीचा जो पुरस्कार चालवला आहे त्याचे एक प्रत्यक्ष फळ हेच, की चार ते पाच फुटी सरीत हे यंत्र ऊस न मोडता फिरू शकते. बाळबांधणीपर्यंत त्याचा संचार सुखेनैव होतो. मोठ्या बांधणीच्या वेळी, म्हणजे चार-साडेचार महिन्यांनी, ऊस वाढलेला असतो, आणि तेव्हा पाने रेडिएटरपुढे, पंख्यापुढे आणि चाकाच्या आसाभोवती गुंतू लागतात. दर दोन-तीन तासांनी थांबून ती काढावीत. तोडणीनंतरच्या वाळलेल्या पाचटात तर आगीचे भय असते: सायलेन्सरच्या बुडाशी साचलेले पाचट तापून पेटते. सायलेन्सरभोवतीचा भाग साफ ठेवणे, डिझेलची गळती असेल तर तसेच रानात न शिरणे, आणि पाण्याचा एक कॅन बरोबर ठेवणे, एवढी तजवीज असावी. पाचटाची कुट्टी करणारे अवजार मात्र पंधरा-वीस अश्वशक्तीला झेपत नाही. खोल नांगरटीचेही तेच. ही दोन कामे मोठा ट्रॅक्टर भाड्याने आणून उरकावीत. भाडे वाचवण्यासाठी घरच्या लहान यंत्राची क्लच-प्लेट जाळणे यात शहाणपण नाही.

शेणखत आणि रासायनिक खत यांची वाहतूक झाल्यावर ट्रॉली आणि ट्रॅक्टरचा मागील भाग त्याच दिवशी धुवावा. शेणातील आम्ल आणि युरिया-पोटॅशचे क्षार ओलावा धरून ठेवतात, आणि पत्र्याला व लिफ्टच्या दांड्यांना गंज चढवतात. फवारणीच्या औषधांचेही तसेच, शिवाय त्यांतील काही चालकाच्या कातडीला आणि श्वासाला घातक असतात. धुताना पाणी तापलेल्या इंजिनावर, डायनामोवर आणि एअर क्लीनरच्या तोंडावर मारू नये. धुऊन झाले की ग्रीसची पिचकारी घेऊन सर्व निपलांत नवे ग्रीस भरावे, कारण पाण्याने जुने निघून गेलेले असते. सांध्यातून जुने काळे ग्रीस बाहेर पडून नवे दिसू लागले म्हणजे पुरे. निपलावरची माती आधी पुसली नाही, तर तीच माती ग्रीसबरोबर आत जाते, आणि हे न पुसण्याचे प्रमाण पाहिले म्हणजे आपण ग्रीस भरतो की वाळू, असा प्रश्न पडतो. बदललेले जळके ऑईल चारीत, विहिरीच्या काठी किंवा उकिरड्यावर ओतू नये. डब्यात साठवून ते गोळा करणाऱ्याच्या स्वाधीन करावे.

चारीवरून आठवण झाली म्हणून येथेच सांगतो. आपल्याकडे मळ्यात जाणाऱ्या वाटा बहुधा चारीच्या भरावावरून जातात. त्या अरुंद, आणि आवर्तनाच्या दिवसांत आतून भिजलेल्या असतात. लहान ट्रॅक्टर रुंदीला कमी, म्हणूनच तो कुशीवर कलंडण्यास मोठ्यापेक्षा अधिक तत्पर. एक साधा नियम पाळावा: चारी जितकी खोल, निदान तितके अंतर चाक आणि काठ यांच्यामध्ये ठेवावे, पाणी सुटलेले असेल तर त्याहून अधिक. रस्त्यावर चालताना दोन्ही ब्रेकचे पेडल खिटीने एकत्र जोडलेले असावेत, कारण वेगात एकाच बाजूचा ब्रेक लागला तर यंत्र जागच्या जागी फिरून उलटते. भरलेली ट्रॉली उतारावरून आणताना गिअर काढून ती सोडून देऊ नये. ज्या गिअरात चढ चढला असता त्याच गिअरात उतरावे. मडगार्डवर बसून येणाऱ्या पोरांना कितीही वाईट वाटो, उतरवावे.

मागे उलटण्याचा प्रकार याहूनही भयंकर आहे, आणि तो केवळ ओढण्याच्या चुकीमुळे घडतो. ओढावयाची वस्तू, मग ती रुतलेली ट्रॉली असो, बाभळीचा बुंधा असो, नेहमी मागच्या बाजूस खाली असलेल्या हुकालाच बांधावी. दोर टॉप लिंकला किंवा आसाच्या वर बांधला आणि क्लच झटक्याने सोडला, तर पुढची चाके डोळ्याचे पाते लवते न लवते तोच आकाशाकडे जातात, आणि चालक यंत्राखाली सापडतो. मागे जड अवजार उचलताना पुढची चाके हलकी होऊन सुकाणू ऐकत नसेल, तर कंपनीने दिलेली पुढची वजने लावावीत. ट्रॅक्टर चिखलात रुतला तर चाक गरागरा फिरवून अधिक खोल जाण्यापेक्षा खाली उतरून फावड्याने चाकापुढची आणि मागची माती काढावी, आणि शक्य असेल तर आलो त्याच चाकोरीतून मागे यावे.

रुतण्याचा प्रसंग येतोच कशाला, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर वाफशात आहे. काळी माती ओलाव्याने फुगते, चिकटते, आणि त्या अवस्थेत तिच्यावरून चाक गेले की दबून विटेसारखी होते. मूठभर माती घेऊन लाडू वळावा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडावा: फुटून विखुरला तर वाफसा आहे, चपटा होऊन पडला तर ट्रॅक्टर गोठ्याशी उभा राहू द्यावा. घरचे यंत्र हाताशी असल्यामुळे पावसानंतर दुसऱ्याच दिवशी रानात शिरण्याचा मोह होतो, आणि वर्षातून तीन-तीनदा रोटाव्हेटर मारण्याचाही. त्याने वरची चार बोटे माती पिठासारखी आणि खालचा थर कठीण होतो, पाणी मुरत नाही, मुळे आडवी पसरतात. भाड्याचा ट्रॅक्टर महाग असल्यामुळे जी काटकसर आपोआप होत असे, ती आता स्वतःच्या विवेकाने करावी लागते.

डिझेल संपून हवा धरली, तर पंपाशी झटापट करण्याआधी पुस्तिका उघडावी. बहुतेक यंत्रांत फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा सैल करून हातपंप मारला की बुडबुडे येतात. ते थांबून अखंड धार आली की स्क्रू आवळावा, आणि मग पंपावरच्या स्क्रूशी तेच करावे. नोझलची नळी सैल असताना तिच्यापुढे बोट धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत शिरते, आणि ती जखम वरून क्षुल्लक दिसली तरी तत्काळ दवाखान्यात न्यावी लागते.

पावसाळ्यात, किंवा घरात लग्नकार्य असताना, ट्रॅक्टर महिनाभर उभा ठेवावा लागतो. तो धुऊन, ग्रीस भरून, टाकी पूर्ण भरून छपराखाली उभा करावा. अवजार जमिनीवर टेकवलेले असावे, गिअर पडलेला, हँडब्रेक ओढलेला, आणि किल्ली कोनाड्यात न ठेवता मोठ्या माणसाच्या खिशात. बॅटरीची तार काढताना आधी ऋण टोक काढावे आणि लावताना ते शेवटी लावावे, म्हणजे पान्हा पत्र्याला लागून ठिणगी उडत नाही. टोकांवर व्हॅसलिन चोपडावे. उसाच्या पट्ट्यात उंदीर-घुशींचा उपद्रव फार, आणि त्यांना वायरचे आवरण का आवडते हे त्यांनाच ठाऊक. बॉनेटखाली महिनाभर न पाहिल्यास आत घरटे सापडते, म्हणून चालू करण्यापूर्वी बॉनेट उघडून बॅटरीखालचा आणि पंख्याजवळचा भाग पाहिलाच पाहिजे. सायलेन्सरच्या तोंडावर पावसाळ्यात डबा उपडा घालावा, आणि चालू करण्यापूर्वी तो काढावा.

शेवटी एक वही ठेवावी. दुकानदाराच्या कीर्दीसारखी फार तपशीलवार नको. दिनांक, तासमापकाचा आकडा, भरलेले डिझेल, घेतलेले काम, बदललेला भाग आणि त्याचा खर्च, एवढे रकाने पुरेत. डिझेलचा आकडा तासांशी ताडून पाहिला की इंजिन बिघडण्याच्या दोन-तीन महिने आधी खप वाढलेला दिसतो. राहुरीला किंवा श्रीरामपूरला मेकॅनिककडे यंत्र नेताना ही वही बरोबर न्यावी, आणि “ट्रॅक्टर ओढत नाही” एवढेच न सांगता, कोणत्या कामात, किती वेळानंतर, धूर कोणत्या रंगाचा असताना ओढत नाही, हे लिहून आणलेले त्याच्यापुढे ठेवावे. ज्या घरच्या ट्रॅक्टरवर कर्ज किंवा अनुदान आहे, त्यांनी विम्याची पावती आणि नोंदणीचे कागदही त्याच वहीच्या कव्हरात ठेवले तर तपासणीच्या वेळी शोधाशोध होत नाही.